पन्नाशी न गाठलेली गाडी

जुन्या गाड्यांच्या हौशी जगात सध्या एक पिढी अधांतरी लटकली आहे. १९४० किंवा १९५० च्या दशकातली ऑस्टिन, मॉरिस, शेवरोले घेऊन रॅलीत उतरणाऱ्या मालकाला ‘ही कशाला ठेवली?’ असे कोणी विचारत नाही. १९८४ ची मारुती ८०० ठेवणाऱ्याला मात्र घरचे विचारतात, गॅरेजवाला विचारतो आणि कधीकधी परिवहन कार्यालयातला कारकूनही. ऐंशीच्या दशकातली छोटी, चपळ हॅचबॅक बाळगायची का, बाळगली तर मूळ रूपात ठेवायची की सुधारून, आणि चालवायची कुठे व किती, यावर गेल्या काही वर्षांत बरीच चर्चा झाली. कर्जत आणि खालापूर हे रायगडचे दोन घाटाखालचे तालुके या चर्चेत वारंवार येतात. मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांच्या अशा गाड्या चालतात त्या बहुतेक इथल्याच रस्त्यांवर, आणि कित्येक गाड्या उभ्या असतात त्याही इथल्याच शेतघरांच्या पडव्यांत.

‘हॉट’ कशाला म्हणायचे?

युरोपात ‘हॉट हॅचबॅक’ हा प्रकार रुजला १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमुळे. इंजिन १.६ लिटरचे, ताकद ११० अश्वशक्ती, वजन सुमारे ८१० किलो. घरगुती गाडीच्या सांगाड्यात खेळकर इंजिन बसवायचे, बाकी डिकी, मागची सीट, सोमवारची कचेरी सगळे तसेच ठेवायचे, ही त्यामागची कल्पना. १९८४ मध्ये प्यूजोची २०५ जीटीआय आली आणि ऐंशीचे दशक या गाड्यांचे झाले.

या गाड्या भारतात अधिकृतपणे आल्या नाहीत. परदेशातून कायमचे परतणाऱ्या कुटुंबांनी सामानासोबत आणलेल्या काही तुरळक गाड्या सोडल्या, तर इथल्या माणसाने त्या मासिकातच पाहिल्या. आजही वाट बंद आहे. तीन वर्षांपेक्षा जुनी, वापरलेली गाडी सर्वसाधारण नियमांखाली आयात करता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे ‘ऐंशीच्या दशकातली हॉट हॅचबॅक’ म्हटल्यावर नेमके काय मोजायचे, इथूनच मतभेद सुरू होतात.

एक बाजू काटेकोर आहे. तिच्या मते त्या दशकात आपल्याकडे अशी गाडी झालीच नाही. १९८५ ची स्टँडर्ड २००० ही रोव्हरच्या पाच दारी हॅचबॅकचे भारतीय रूप होती, पण जुनाट इंजिनाने तिचा घात केला. खऱ्या अर्थाने हा मान २००१ च्या फियाट पालिओ १.६ ला द्यावा लागेल, असे ही मंडळी म्हणतात. ती गाडी बनली आपल्या कुर्ल्यात. त्यामुळे या मताला मुंबईकर अभिमानाची किनारही आहे.

दुसरी बाजू म्हणते की गाडी तिच्या काळाच्या रस्त्यावर ठेवून मोजा. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीत हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली, तेव्हा रस्त्यावर होत्या अ‍ॅम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळिशीच्या घरात आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या कडेला. मारुतीचे इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडरचे, ताकद ३९ च्या आसपास, म्हणजे जवळपास तितकीच. पण अंगाने ती पद्मिनीपेक्षा अडीचेक क्विंटल हलकी. इंजिन पुढे, ओढ पुढच्या चाकांची, गिअर जमिनीवर आणि लोण्यासारखा पडणारा. घाटात पद्मिनीवाल्याने तिसऱ्यातून दुसरा टाकेपर्यंत ही पुढच्या वळणावर पोचलेली असे.

बंगळूरच्या सिपानीची डॉल्फिनही याच बाजूच्या यादीत येते. इंग्लंडच्या रिलायंट किटनवर बेतलेली, फायबरग्लासच्या अंगाची, ८४८ सीसीची ही गाडी घरगुती बाजारात फारशी चालली नाही. त्या काळच्या रॅलींमध्ये आणि शोलावरमच्या शर्यतींच्या धावपट्टीवर मात्र तिने नाव काढले. पुढे मारुतीने तिची जागा घेतली.

मारुतीची भागीदार सुझुकी, तिच्या घरातही या ‘हॉट’ प्रकाराचा एक दुवा आहे. १९८६ साली आपली ८०० नव्या, गोलसर अंगात आली. ते अंग ज्या जपानी ऑल्टोवर बेतलेले होते, तिचेच ‘वर्क्स’ हे रूप सुझुकीने १९८७ मध्ये काढले. इंजिन साडेपाचशे सीसीचे, त्याला टर्बो, ताकद ६४. म्हणजे गरम आणि गार अशा दोन बहिणी एकाच घरातल्या, आणि आपल्या वाट्याला आली ती शांत. मला यातली दुसरी बाजू जास्त पटते, तरी पहिलीचा मुद्दा खोटा नाही.

हेच दोन तालुके का?

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालचा. त्यानंतर रेल्वे आली, राष्ट्रीय महामार्ग झाला आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. घाईतल्या गाड्या खालापूरच्या टोलनाक्याकडे वळल्या. चौक, खालापूर, खोपोली असा जाणारा जुना हायवे त्या मानाने सैल पडला. चौकातून कर्जतला जाणारा रस्ता, कर्जतहून पळसदरी-केळवलीच्या बाजूने खोपोलीला येणारा आणि कर्जत-कडाव-कशेळे करत मुरबाडकडे निघणारा, एवढ्यात एका सकाळची हौस पुरी होते. चढउतार आहेत, वळणे आहेत आणि साठच्या वर जायची गरज नाही.

साठचा हा आकडा या चर्चेत महत्त्वाचा आहे. जुनी छोटी गाडी चालवण्यातला आनंद कशात असतो, याचे समर्थकांचे उत्तर असे: आजची दमदार गाडी कशेळ्याच्या रस्त्यावर तिच्या ताकदीच्या चौथाईतही वापरता येत नाही, तर ३९ अश्वशक्तीची गाडी पूर्ण वापरता येते. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवून, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत असताना काटा पंचावन्नवर असतो आणि कायदाही मोडलेला नसतो. विरोधकांचे म्हणणे, हा आनंद एकट्याचा. मागे अडकलेल्या टेम्पोवाल्याला विचारा. शिवाय शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा पट्टा आता राष्ट्रीय महामार्ग ५४८ अ झाला आहे. काँक्रीट झाले तिथे रहदारीचा वेग वाढला. एअरबॅग नाही, एबीएस नाही, दाराचा पत्रा बोटाने दाबला तर दबतो, अशी गाडी आजच्या अडीच टनी एसयूव्हीच्या रांगेत घालणे हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सकाळी लवकर निघून नऊच्या आत परत यायचे, ही बहुतेक मालकांची यावरची तडजोड.

याच परिसरात, कर्जत तालुक्यातच, ऐंशीच्या दशकातले मारुतीचे हे इंजिन हौस म्हणून नव्हे तर पोटासाठी राबत आले आहे. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत जाणाऱ्या टॅक्सी वर्षानुवर्षे मारुती ओम्नी होत्या. १९८४ मध्ये ‘व्हॅन’ म्हणून आलेली आणि २०१९ पर्यंत बनत राहिलेली ही गाडी ८०० चेच ७९६ सीसी इंजिन वापरायची. माथेरानात मोटारींना बंदी, त्यामुळे दस्तुरीला गाडी थांबणार. पण तिथवरचे सात-आठ किलोमीटर चढण असे की नवखा चालक पहिल्याच वळणावर क्लच जाळतो. अनुभवी टॅक्सीवाला वळणाच्या अलीकडेच पहिला टाकतो, गाडी जवळजवळ थांबू देतो, चाके सरळ झाली की दुसरा. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये. ब्रेकला पाय फक्त टेकवायचा, दाबून धरायचा नाही. नाहीतर निम्म्या घाटातच ड्रम तापून पाय खाली जायला लागतो. ओम्नीची जागा आता मारुतीचीच ईको घेत चालली आहे. पण कार्बोरेटर सुटा करून, जेट फुंकून, पंधरा मिनिटांत परत बसवणारा माणूस आजही नेरळ-कर्जत भागात सापडतो तो या टॅक्सींमुळे. जुन्या गाडीच्या हौशीला असे हात लागतात, आणि ते सगळीकडे मिळत नाहीत.

मूळ ठेवायची की सुधारायची?

चर्चेचा सगळ्यात तापलेला भाग हा. एका टोकाला मूळरूपवादी आहेत. त्यांचा आग्रह कारखान्यातून आली तशी गाडी: तोच रंग, तेच बारा इंची चाक, तीच पातळ सीट. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाची व्याख्या त्यांना आधाराला मिळते. गाडी किमान तीस वर्षांची, इतिहासाला धरून जपलेली आणि रोजच्या वाहतुकीत न वापरलेली असावी. १९८३ ते १९८६ मधली पहिली चौकोनी ८०० आता इतकी दुर्मीळ झाली आहे की तिच्यात फेरफार म्हणजे एक पुरावा कायमचा पुसणे, असे ते म्हणतात. त्यांची खरी अडचण पत्र्याची. पहिल्या रूपाचे दार, बोनेट, मागचा दिवा हे नंतरच्या गाडीला बसत नाहीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत दिवस घालवूनही एक काचेची रबरपट्टी हाती लागत नाही. इंजिनाचे सुटे भाग मात्र ओम्नीच्या कृपेने अजून मिळतात.

दुसऱ्या टोकाला सुधारणावादी. ८०० मध्ये मारुतीच्याच एस्टीमचे १.३ लिटरचे इंजिन घालणे हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे आणि रॅली-ड्रॅगच्या मैदानात त्याची परंपरा आहे. हिशोब सोपा: हलक्या अंगात ८५ अश्वशक्ती घातली की वजनामागे ताकदीचे प्रमाण १९७६ च्या गोल्फ जीटीआयच्या आसपास जाते. जी गाडी कारखान्याने आपल्याला दिली नाही ती आम्ही गॅरेजात बनवली, हा त्यांचा युक्तिवाद, आणि त्यात इतिहासाचाही एक धागा आहे. त्या काळातला हौशी तरुण हेच करत होता, मग हेही मूळ रूपच नाही का?

तांत्रिक आक्षेप असा की ताकद दुप्पट झाली तरी ब्रेक, सस्पेन्शन आणि सांगाडा ३९ अश्वशक्तीचेच राहतात. पुढच्या सस्पेन्शनच्या बुडख्याजवळचा पत्रा फाटलेल्या अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. कायद्याचा आक्षेप त्याहून मोठा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी नोंदणी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले. सीएनजी किंवा बॅटरीसाठी मान्यताप्राप्त संच बसवायला वाट ठेवलेली आहे, वेगळ्या क्षमतेचे पेट्रोल इंजिन घालायला नाही. म्हणजे विजेवर चालणारी ८०० कायदेशीर होऊ शकते, एस्टीमच्या इंजिनाची होत नाही. ही विसंगती दोन्ही गटांना सारखीच खटकते.

या दोहोंच्या मधली मंडळी संख्येने बहुधा सर्वांत जास्त असावीत. गाडी दिसायला मूळ, पण इग्निशनचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चांगले टायर, उजळ दिवे, पुढे नीट बेल्ट. परत मागे नेता येईल एवढाच बदल करायचा, हे त्यांचे सूत्र.

कायद्याच्या फटीत

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. कर्जत-खालापूरच्या मालकाला त्यासाठी पनवेलचे परिवहन कार्यालय गाठावे लागते. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० झाले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर जी कोर्टकचेरी झाली तिची झळ इथे नाही. २०२१ च्या भंगार धोरणातही खासगी गाडीसाठी खरा निकष वय नव्हे, तंदुरुस्ती हाच आहे. पीयूसीची मर्यादा जुन्या पेट्रोल गाडीला सैल आहे: कार्बन मोनॉक्साइड तीन टक्के, हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. ट्युनिंग नीट असलेली ८०० त्यात सहज बसते.

फट आहे ती दुसरीकडे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, अव्यापारी आणि मूळ रूपातली गाडी असेल तर क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे, नोंदणी दहा वर्षांची, पहिले शुल्क २०,००० रुपये. ऐंशीच्या दशकातली एकही गाडी अजून त्यात बसत नाही. जागतिक महासंघ तिला दशकापूर्वीपासून ऐतिहासिक मानतो. भारत सरकारच्या लेखी ती फक्त जुनी गाडी आहे. मर्यादा तीसवर आणावी, अशी मागणी आहे. उलट बाजूचे म्हणणे असे की तीस वर्षांची अट केली तर लाखो ८०० ‘वारसा’ ठरतील आणि प्रदूषणाच्या धोरणाला अर्थ राहणार नाही. २०१४ च्या जानेवारीत बंद होईपर्यंत ही गाडी पंचवीस लाखांहून जास्त विकली गेली, हे लक्षात घेतले तर ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीचा वाद त्या मानाने किरकोळ. काळ्या पाटीवर हाताने रंगवलेला जुना नंबर काढावा लागला म्हणून हळहळणारे भेटतात. पट्टी लावून जुनी पाटी घरात टांगणे हाच त्यावरचा तोडगा.

पेट्रोल, पाऊस, पत्रा

सध्याचा सर्वांत ताजा वाद वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा. २०२५ पासून पंपावर बहुतेक ठिकाणी हेच मिळते. पेट्रोलियम मंत्रालयाची भूमिका अशी की जुन्या गाडीचे मायलेज थोडे घटेल आणि काही रबरी भाग व गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, यापलीकडे धोका नाही. याविरोधातली जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. शिसे असलेले पेट्रोल २००० मध्ये देशभर बंद झाले तेव्हाही जुन्या गाड्या संपल्या अशी ओरड झाली होती, आणि गाड्या संपल्या नाहीत, याची आठवण सरकारी बाजूचे लोक करून देतात.

मालकांचे उत्तर असे की वीस-तीस हजार किलोमीटरचा हिशोब रोज धावणाऱ्या गाडीचा आहे. महिन्यातून दोनदा निघणारी गाडी तेवढे अंतर वीस वर्षांत कापते, आणि इथेनॉल मात्र त्या सगळ्या काळात नळीत बसून असते. कार्बोरेटरला संगणक नसतो. मिश्रण पातळ झाले तर जेट बदलूनच दुरुस्त करावे लागते. कर्जत-खालापुरात हा मुद्दा जास्त टोचतो तो पावसामुळे. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. जूनमध्ये शेतघरात उभी केलेली गाडी दसऱ्याला काढली की टाकीच्या तळाशी पाणी, फ्लोट चेंबरमध्ये पांढरट खर आणि पेट्रोल पंपाचा पडदा आक्रसलेला, असा अनुभव इथले मेकॅनिक सांगतात. टाकी काठोकाठ भरून ठेवावी की रिकामी करून, यावर दोन गॅरेजांत दोन मते मिळतील. दर पंधरवड्याला अर्धा तास चालवावी, यावर एकमत आहे.

उन्हाळ्यातला त्रास वेगळा. एप्रिलच्या दुपारी खोपोलीहून घाट चढताना गाडी अचानक दम टाकते. मेकॅनिकल पंपात पेट्रोलची वाफ अडकलेली असते. बोनेट उघडून पंपावर ओले फडके टाकायचे आणि चहा होईपर्यंत थांबायचे. पद्मिनीवाल्यांची ही युक्ती ८०० वरही चालते.

गंजाबद्दल मतभेद नाहीत. दाराचा खालचा ओठ, बॅटरीखालचा ट्रे, स्टेपनीची खाच आणि पुढच्या काचेच्या रबराखालची नाली या चार जागा चार पावसाळ्यांत पोकळ होतात. वाद उपायाचा आहे. स्वस्तातला डेंटर वर पुट्टी थापून रंग मारतो, आणि पुढच्या गणपतीला फोड परत येतो. पत्रा कापून नवा पॅच वेल्ड करणे हा खरा इलाज, पण त्याचा खर्च बाजारातल्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. विमा त्या खर्चाचा विचार करत नाही. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरायची असते, पण कंपनीच्या नजरेत ती भंगाराच्या भावाजवळच असते. म्हणून बहुतेकजण तृतीय पक्षाचा विमा उतरवून मोकळे होतात.

काय उरले आहे?

इंधनाचा प्रश्न कदाचित तंत्राने सुटेल; इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि पडदे मिळू लागले आहेत. फेरफाराचा प्रश्न कायद्यात बदल झाल्याखेरीज सुटणार नाही, आणि तशी हालचाल दिसत नाही. हातांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. कार्बोरेटर जाणणारा मिस्त्री पन्नाशी-साठीत आहे आणि त्याच्या हाताखालचा मुलगा लॅपटॉप लावून स्कॅनर वाचतो. त्यात मुलाचे काही चुकत नाही. पोट त्याच्यावर चालते. स्थानिक माणसाची बाजूही या चर्चेत नीट आलेली नाही. मुंबईचा मालक जिला क्लासिक म्हणतो तशीच ८०० कशेळ्याच्या एखाद्या घरात अजून भाजी आणि सिलिंडर वाहते. नूतनीकरणाचे दहा हजार तिच्या मालकाला जड जातात, आणि त्याच्यासाठी कुठला क्लब बोलत नाही.

राहिला पन्नाशीचा मुद्दा. पहिल्या ८०० ला डिसेंबर २०३३ मध्ये पन्नास वर्षे होतील आणि ‘व्हीए’चे दार उघडेल. पण त्या क्रमांकाची गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापराला मनाई आहे. तेव्हा रविवारी सकाळी चौकातून कर्जतला जाऊन मिसळ खाऊन यायचे असेल, तर वारसा म्हणून मान न घेता साधी जुनी गाडी म्हणूनच तिची नोंदणी चालू ठेवावी लागेल. मालकांमध्ये आत्ताच दोन तट पडले आहेत, आणि ‘इंधन व देखभाल’ या शब्दांत नेरळच्या गॅरेजापर्यंतची फेरी बसते का, याचा कीस काढणे सुरू झाले आहे.